विसळलेल्या बाटल्या

माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई म्हणून काढली, त्यातली बरीचशी मुरबाड तालुक्यात. मी वर्गात आवाज चढवला की व्हरांड्यातली पोरंसुद्धा हाताची घडी घालून बसायची. निवृत्त झाले, सापगावात घरी बसले, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. आमचे हे म्हणायचे, "तुझ्याशी बोलायचं म्हंजे आधी देवाला नारळ कबूल करायला पायजे." मी हसायचे. मला ते कौतुकच वाटायचं.

आमचं घर गावाबाहेर, रस्त्याला लागून. मागे शेत आणि शेतात विहीर. घरातल्या नळाला बोअरचं पाणी येतं, पण ते जड. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. म्हणून पिण्याचं पाणी पहिल्यापासून विहिरीचं. आमचे हे सकाळी दोन कळश्या भरून आणायचे आणि मी ते पाणी दुहेरी फडक्यातून गाळून स्टीलच्या हंड्यात ओतायचे. वैशाखऱ्याहून लग्न होऊन आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्या दिवशी ह्याच पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पी गो. असं पानी तुमच्याकडं नाय मिळायचं." माझ्या माहेराला नावं ठेवली म्हणून मला राग आला होता. पण पाणी खरंच गोड होतं.

विहिरीच्या वरच्या अंगाला आमचाच एक तुकडा होता. मुलाच्या लग्नाआधी त्याचे प्लॉट पाडून आम्ही विकले. तिथं आता भाड्याच्या खोल्यांच्या दोन रांगा आहेत आणि त्यांच्यामागे संडासांचे खड्डे. मी रोज अंगणातून ते बघायचे. खोल्यांतल्या बायका कचरा कुठं टाकतात, कपडे कुठं वाळत घालतात, ह्यावर माझं बारीक लक्ष असायचं. त्या खड्ड्यांखालची जमीन आणि आमच्या विहिरीखालची जमीन एकच आहे, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

सून डोंबिवलीची. कल्याणला एका कंपनीच्या ऑफिसात नोकरीला होती, आसनगावहून लोकलचा पास काढून जायची-यायची. पोरगी नेटकी. बोलणं इतकं हळू की भाजीत मीठ कमी आहे हे सांगायलासुद्धा जवळ येऊन उभी राहायची. ती वाक्य संपवेपर्यंत माझं उत्तर देऊन झालेलं असायचं.

तिला सातवा महिना लागला, पाय सुजायला लागले, तेव्हा मुलानं भांडी धुवायचं मशीन आणलं. अख्ख्या आळीतल्या बायका बघायला आल्या. एकीनं आत डोकं घालून विचारलं, "राख कुठं टाकायची गो यात?" सगळ्या खिदळल्या, आणि सगळ्यात मोठ्यानं मी. "आता जेवायलाही एक मशीन आणा म्हणावं," असं मी सुनेच्या समोरच म्हणाले. ती कशीनुशी हसली आणि पाय वर घेऊन बसली.

नातू आठव्या महिन्यातच झाला. दोन किलोही भरला नव्हता. पंधरा दिवस काचेच्या पेटीत होता. घरी आणला तेव्हा त्याचे तळपाय माझ्या अंगठ्याएवढे होते. अंगावर ओढायची ताकद नव्हती, म्हणून सून दूध काढून बाटलीत भरायची आणि पुरलं नाही की डब्यातली दुधाची पावडर उकळलेल्या पाण्यात कालवायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, हे मूल नाजूक आहे, ह्याला जुलाब-उलट्या परवडायच्या नाहीत, स्वच्छता पाळा. आम्हा सगळ्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. पोराचं वजन वाढलं का, दूध टिकलं का, हेच बोलणं. देवापाशीही मी दुसरं काही मागत नव्हते.

मग त्या मशीनचं खरं काम सुरू झालं. सून बाटल्या वरच्या जाळीत पालथ्या लावायची, बोंडलं एका छोट्या टोपलीत ठेवायची आणि खटका दाबायची. आत पाणी चांगलं कढत होतं. संपल्यावर दार उघडलं की वाफेचा लोट तोंडावर यायचा. पण बाटल्या वाळल्या की आतून धुरकट दिसायच्या. मी बोट घालून फिरवलं तर बोटाला पांढरं लागलं.

"आई, ते बोअरच्या पाण्यातलं आहे," सून म्हणाली. "मशीनमध्ये एक वेगळं मीठ घालावं लागतं, म्हणजे थर धरत नाही. मी यांना आणायला सांगितलंय."

भांडी धुवायला मीठ. मला ती थट्टाच वाटली. मला बोटावर दिसत होती ती साबणाची पावडर, आणि ती माझ्या नातवाच्या पोटात जाणार होती.

आमच्याकडे भांडं घासून झालं म्हणजे धुऊन झालं असं नसतं. घासल्यावर ते चांगल्या पाण्यातून विसळून काढायचं, पाणी निथळताना डोळ्यांनी बघायचं आणि मग पालथं घालायचं. माझ्या आईनं मला हे शिकवलं, सासूनं ते पक्कं करून घेतलं. मशीनचं दार बंद, आत काय चाललंय ते देवालाच ठाऊक. ज्या भांड्यावरून स्वच्छ पाणी गेलेलं मी पाहिलं नाही, ते धुतलं असं मी कसं मानणार? म्हणून बाटल्या बाहेर काढल्या की मी हंड्यातून तांब्याभर विहिरीचं पाणी घ्यायचे. एकेक बाटली, एकेक बोंडलं, एकेक झाकण विसळायचे, झटकायचे आणि डब्यात ठेवायचे. बाटल्या लख्ख व्हायच्या. उजेडात धरून बघितल्या की मन शांत व्हायचं.

एकदा सून मागे येऊन उभी राहिली. "आई, परत कशाला विसळता? गरम पाण्यानं धुतल्यात की त्या. हे पाणी उकळलेलं नाही."

मी वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला ह्याच पाण्यावर वाढवलाय. नऊ महिने पोर पोटात ठेवता आलं नाही तुला, आणि मला शिकवतेस?"

ती आत जाऊन बाळापाशी बसली. मी उरलेल्या दोन बाटल्या विसळल्या. जास्त बोलले, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण बोललेलं मागे घ्यायची मला सवयच नव्हती. संध्याकाळी मी तिच्यासाठी अळिवाची खीर केली आणि मनात म्हटलं, झालं, मिटलं.

पोर बाळसं धरायला लागलं. तिसऱ्या महिन्यात त्याच्या मनगटाला वळी पडली. चौथ्या महिन्यात तो माझा चष्मा ओढायला लागला. माझ्या आवाजाला तो जराही घाबरायचा नाही; मी मोठ्यानं बोलले की माझ्या तोंडाकडे बघत राहायचा आणि मग बोळकं पसरून हसायचा. शिकवलेली एवढी मुलं, पण माझ्या चढलेल्या आवाजाला हसलेलं हे पहिलंच. मी त्याला मांडीवर घेऊन उगाचच ह्यांच्यावर ओरडायचे, तो हसावा म्हणून. आमचे हे पेपर बाजूला ठेवून म्हणायचे, "वरड, वरड, नातवाला आवडतंय तर वरड."

सुनेची रजा दिवस भरायच्या आधीच सुरू झाली होती, म्हणून ती लवकर संपली. चैत्राच्या शेवटी ती कामावर निघाली. पहिल्या दिवशी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आई, बाटल्या मशीनमधून काढल्या की तशाच डब्यात ठेवाल ना? वरून पाणी नका घालू."

"हो गो. जा तू, गाडीचा टाइम झाला," मी म्हणाले.

ती गेली आणि मी मशीन उघडून बाटल्या विसळायला घेतल्या. खोटं बोलतेय असंही मला वाटलं नाही. नव्या पोरीची नवी खुळं, तिला हो म्हणायचं आणि आपलं करायचं ते करायचं, सगळ्या घरांत असंच चालतं.

आठ-नऊ दिवसांनी बाळाला जुलाब लागले. शहापुरात डॉक्टरांकडे नेला. त्यांनी विचारलं, बाटल्या कशा धुता? सून म्हणाली, मशीनमध्ये, कढत पाण्यानं. डॉक्टर म्हणाले, मग चांगलं आहे. मी तिथंच बाळाचं दुपटं धरून उभी होते. आमच्या विहिरीच्या पाण्याचं सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. मी मनात मशीनच्या त्या साबणाच्या पावडरलाच शिव्या घालत होते. घरी आल्यावर मी ठरवलं की आता एका पाण्यावर भागायचं नाही. त्या दिवसापासून मी बाटल्या तीन-तीनदा विसळायला लागले.

दोन दिवस बरे गेले. वैशाखऱ्याहून बहिणीचा फोन आला तर मी तिला म्हणाले, "आई कामावर गेली आणि पोरानं हाय खाल्ली बघ. ती घरात होती तोवर गुटगुटीत होता." सून स्वयंपाकघरात होती. मी आवाज खाली केला नाही. उलट जरा वरच केला असेल, कारण तिनं ऐकावं असं मला वाटत होतं.

मग ते पुन्हा सुरू झालं, आणि ह्या खेपेला उलट्याही. विहीर तेव्हा तळाला गेली होती, कळशी बुडवायला आमच्या ह्यांना दोन पायऱ्या जास्त उतरावं लागायचं. त्यांचंही पोट बिघडलं होतं. त्याचं खापर आम्ही फणसावर फोडलं. एका सकाळी मी बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला तर टाळू खोल गेलेली. रडत होता, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. मुलानं गाडी काढली. शहापुरातून पुढे कल्याणला पाठवलं. तिथं दोन दिवस होता. त्याच्या हाताला शीर सापडेना, म्हणून पायाला सुई लावली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. सून त्या वेळी शेजारच्या खोलीत त्याच्यासाठी दूध काढत होती. नर्स तिला बोलवायला गेली, तेव्हा ती म्हणाली, "एक मिनिट, थोडंच राहिलंय."

एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. मुलगा आणि आमचे हे गेले. बायका घरी होत्या. मी ओट्यापाशी उभी राहिले आणि कितीतरी वेळ मला कळेना की हाताला काय काम द्यायचं.

भेटायला येणारे येत होते. कोणी म्हणायचं, मशीनची साबणाची पावडर पोटात गेली असेल. कोणी म्हणायचं, आईच्या अंगावरचं दूध तुटलं की असंच होतं, नोकरीची एवढी घाई कशाला करायची. मी प्रत्येकाला मान हलवून होकार दिला. काहींना तर मीच सांगितलं. सुनेनं ऑफिस सोडलं. मशीनवर तिनं जुनी चादर घातली आणि सगळी भांडी हातानं घासायला लागली. घासायची आणि हंड्यातल्या पाण्यानं विसळायची, जशी मी विसळायचे तशीच. मी बघून म्हणाले, "आता कसं." देवा, मी खरंच असं म्हणाले.

पावसाळा लागून पंधरा दिवस झाले असतील, वरच्या खोल्यांत जुलाबाची साथ आली. आरोग्य खात्याचा माणूस आला आणि आसपासच्या विहिरींच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून घेऊन गेला. काही दिवसांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. मी तिथं दुसऱ्याच कामासाठी गेले होते. दोन बायका म्हणाल्या, "बाई, वाचा ना काय लिवलंय." मी चष्मा लावला आणि वर्गात वाचायचे तसं मोठ्यानं वाचायला लागले. तिसऱ्या ओळीत आमची विहीर होती. पुढे लिहिलं होतं, पिण्यास अयोग्य, मैलामिश्रित.

मी पुढच्या ओळीही वाचल्या. आवाज तसाच ठेवला. बायका म्हणाल्या, म्हंजे उकळून प्यायला पायजे. मी म्हणाले, हो. चौथीच्या वर्गाला हे मी दर वर्षी शिकवत होते. नितळ दिसणारं पाणी शुद्ध असतं, चूक की बरोबर लिहा, असा प्रश्न परीक्षेत घालायचे आणि जो 'बरोबर' लिहील त्याचा गुण कापायचे.

घरी येऊन मी हंडा अंगणात ओतला. आमच्या ह्यांना सांगितलं, बाटल्या मी विसळत होते, विहिरीच्या पाण्यानं, तीन-तीनदा. त्यांनी रिकामा हंडा उचलून पालथा घातला. मग म्हणाले, "कुनाला सांगू नको. आता सांगून काय व्हनार? पोरगा तुझं तोंड नाय बघायचा." मी त्यांचं ऐकलं. आयुष्यात इतक्या निमूटपणे त्यांचं मी कधीच ऐकलं नव्हतं.

आषाढ गेला, श्रावण गेला. सून दिवसेंदिवस वाळत चालली. दुधाच्या पावडरच्या डब्यावरचं माप वाचत बसायची. मला विचारायची, "आई, दूध पातळ व्हायचं का हो माझ्याकडून? की जास्त घट्ट?" मी म्हणायचे, नाही गो. आणि तिथून उठून जायचे. ती माझ्या ताटात वाढायची आणि मी तिच्या हाताकडे बघत राहायचे. मी भित्री आहे, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं. ज्यांच्यावर आपण ओरडू शकतो, त्यांच्यासमोरच तोंड चालतं.

भाद्रपदात एका सकाळी आम्ही दोघी माजघरात वाल सोलत बसलो होतो. मुलगा कामावर गेला होता, आमचे हे शेतावर. ती म्हणाली, "मी परत नोकरी बघू का, की नको?" आणि माझ्यानं पुढे राहवलं नाही. मी सांगून टाकलं. तू सांगितलं होतंस तरी मी बाटल्या विसळत होते. तो आजारी पडल्यावर आणखी विसळल्या. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी गप्प राहिले. विहीर खराब आहे, हा कागद मी स्वतः वाचलाय आणि दोन महिने तुझ्यापासून लपवलाय. तुझं काही चुकलं नाही, त्याला मी मारलं.

ती वाल सोलत राहिली. एक, दोन, तीन. मला वाटलं, तिनं ऐकलंच नाही.

मग ती म्हणाली, "तुम्ही विसळायचात ते मी रोज बघायची, आई. परत विचारायची हिंमत झाली नाही. तुम्ही जेवून आडव्या झालात की मी डब्यातून सगळ्या बाटल्या काढायची, पातेल्यात उकळायची, कोरड्या करायची आणि तुम्ही ठेवल्या होत्या तशाच परत ठेवायची. तो घरी आला तेव्हापासून, माझी रजा संपेपर्यंत. एक दिवसही चुकवला नाही."

ती घरात होती तोवर तो गुटगुटीत होता, हे मी फोनवर बहिणीला सांगितलं होतं, आल्या-गेल्याला सांगितलं होतं, आणि ते अक्षरशः खरं होतं.

"शेवटच्या दिवशी मनात आलं होतं, कामावर जाऊच नये," ती म्हणाली. "पण काय कारण सांगणार होते घरात? तुमच्या पाण्याचा भरवसा नाही, असं सांगणार होते? तुम्ही हो म्हणालात, म्हणून गेले. मी जायला नको होतं, आई. लोक म्हणतात ते बरोबर आहे, माझीच चूक झाली."

लोकांच्या तोंडी हे मीच घातलं होतं. मी तिला कितीदा तरी सांगितलं की ते खरं नाही, त्या दिवशी सांगितलं, नंतरही सांगितलं, मुलाला बोलावून त्याच्यासमोर सांगितलं. मुलगा आता माझ्याशी कामापुरतं बोलतो. ती मात्र पूर्वीसारखीच बोलते, आई म्हणते, जेवायला वाढते. माझं म्हणणं ती नीट ऐकून घेते, मान हलवते, आणि मला दिसतं की त्यातला एक शब्दही तिला पटलेला नाही.